वाखाची भिंत

मस्तगडच्या गल्लीत द्वारकाबाईचं घर म्हणजे एकच खोली, आणि तिच्या मागच्या भिंतीला पाठ लावून साहेबरावची पिठाची गिरणी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता तिच्या नवऱ्याच्या, मच्छिंद्रच्या, अंगावरून वारं गेलं, एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून तो खाटेवर. आवाज अगदी बारीक झालेला, आणि दिवसभर कानात गिरणीची घरघर. डोळ्याला डोळा लागेना.

द्वारकाबाई साहेबरावकडं गेली. “दुपारची जरा बंद ठेवा की, भाऊ.”

“ठेवली असती, वैनी. पण लोकं डबे घेऊन उभे ऱ्हातात. पीठ काय मी हातानं दळू?”

त्याचंही खोटं नव्हतं.

मग तिनं गिरणीकडची चूल आणि पुढच्या अंगाची खाट यांच्यामध्ये कूड घालायचं ठरवलं. माहेरी, केदारखेड्याला, आईनं शिकवलेलं काम. तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, उभ्या रोवून बांधायच्या, दोन्ही अंगांनी शेणामातीनं लिंपायच्या. मातीत अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे चिवट धागे, कालवला की भेग पडत नाही. तो बोटभर तोडायचा असतो. द्वारकाबाईनं लांबच्या लांब घातला, आणि थरावर थर चढवले.

“कूड घालून राह्यलीस का किल्ला?” शेजारची पुष्पाबाई हसली.

“असू दे बाई. त्यांना झोप लागली म्हंजे झालं.”

कूड वाळला. दाराच्या जागी जाड गोधडी टांगून तिनं भिंतीवर कुंकवाची पाच बोटं ओढली. खाटेकडून ऐकलं तर गिरणी पार वेशीबाहेर गेल्यासारखी. मच्छिंद्र त्या दुपारी घोरला. द्वारकाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात ती भाकरी घेऊन पलीकडं गेली, तर तांब्या लवंडलेला, पाणी भुईत जिरलेलं. त्याचे ओठ कोरडे आणि गाल ओले.

“कव्हाच्या हाका मारून राह्यलो,” तो म्हणाला.

ती तर चुलीपाशीच होती! भिंतीनं गिरणी गिळली, तशी त्याची हाकही.

गोधडी काढली की गिरणी आत यायची. सोडली की त्याचा आवाज बाहेर येईना. देवघरातली घंटी तिनं त्याच्या चांगल्या हातात दिली. त्या हातातही जोर उरला नव्हता.

शेवटी तिनं पहार घेतली. हाकेपुरतं भोक पाडावं म्हणून घावावर घाव घातले. माती झडली, तुराट्या मोडल्या, पण वाख तुटेना. मोडलेलंही त्यानं कवळून धरलेलं. ती घामाघूम होऊन पलीकडं गेली.

“ऱ्हाऊ दे,” मच्छिंद्र म्हणाला. “भोक पाडलं तर गिरणी येईल. झोप तरी लागून राह्यली.”

“आन् हाक मारली मंग?”

तिनं परत जाऊन पहार कोपऱ्यात उभी केली.

तेव्हापासून भाकरी तव्यावर टाकली की ती उठून गोधडीआड डोकावायची. त्या घरच्या भाकऱ्या एका अंगानं करपलेल्याच. कधी तो झोपलेला असे, कधी हाका मारून थकलेला. डोळे दोन्ही वेळी मिटलेले. कोणती वेळ कोणती, ते तिला कळत नसे.