कूलरचं बटण

त्या रात्री आपण अजून पडद्यावर आहोत, हे मला माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि ज्या मित्रावर सगळं शेकलं त्याच्यापुढे तर नाहीच. लोक मला अबोल म्हणतात. एके काळी आमच्या वस्तीत माझ्याइतकं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, हे आता फारसं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नागपुरात सक्करदऱ्याकडे आमच्या वस्तीत केबल नुकतीच आली होती. केबल म्हणजे माझा मित्रच. तो लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत त्याने व्हीसीआर मांडला होता. तिथून गच्च्यांवरून, पेरूच्या झाडांमधून, शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांना टाळत त्याची वायर घराघरांत गेली होती. रात्री सरकारी कार्यक्रम संपले की याचा सिनेमा सुरू व्हायचा. मी सदरला एका कचेरीत कारकून होतो. गणपतीत मंडळाचं सूत्रसंचालन करायचो, म्हणून आवाजाला थोडं नाव होतं.

एकदा तो म्हणाला, "सिनेमा संपला की लोक लगेच झोपत नाही गा. गच्चीवर पडून गप्पा हाणत राहते. मंग आपणच हाणू ना गप्पा. कॅमेरा आपला, वायर आपली, तोंड तुझं."

"आणि पाहुणे?"

"वस्ती भरली आहे ना पाहुण्यांनी! एकेकाला वर बसवायचं अन् खाली त्याचीच मजा पाहायची."

पहिला पाहुणा चौकातला सायकल दुरुस्तीवाला. लग्नातला तो डोळे दिपवणारा दिवा तोंडावर पडल्यावर हा माणूस असा थिजला, की नाव विचारलं तरी ओठ हलेनात. तेवढ्यात खालच्या गल्लीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, बोला ना! घरी तर लय चालते!" सगळी गल्ली हसली. हसू खिडकीतून आत आलं, आमच्या माइकमध्ये शिरलं आणि वायरीतून पुन्हा घराघरांत गेलं. समोरच्या घरातले आजोबा पडद्यावर मला पाहायचे, मग खिडकीत येऊन प्रत्यक्ष मला पाहायचे, पुन्हा आत जायचे. "दोन दोन कसा दिसून राहिला बे हा?" असं ते मोठ्यांदा कोणाला तरी विचारत होते. टीव्ही ही मुंबई-दिल्लीची गोष्ट होती. तिच्यात आपल्या गल्लीतला माणूस, तोही आत्ता, या घटकेला दिसतो, याचा धक्का पहिल्या काही रात्री कोणालाच पचला नाही. मलाही नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाली माझ्याकडून पैसे घेईना.

आमची कामाची पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नागपूरचा उन्हाळा, खिडक्या सताड उघड्या. पण गप्पा चालू असताना कूलर बंद ठेवावा लागे, नाही तर माइकमध्ये नुसती त्याची घरघर जायची. घामाने शर्ट पाठीला चिकटायचा. मधे एकदा विश्रांती असे. मित्र हात वर करायचा आणि त्याच्या टेबलावरच्या डबीचा खटका फिरवायचा, म्हणजे कॅमेऱ्याची जोडणी तुटून व्हीसीआर जोडला जायचा आणि घरोघरी इतवारीतल्या साड्यांच्या दुकानाची जाहिरात लागायची. त्याचा खटका पडला की माझ्या खुर्चीशेजारचं कूलरचं बटण मी दाबायचो. आधी त्याचा खटका, मग माझं बटण. हे कधी चुकलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला ठाऊक होती. मी बोलत असलो की माझा आवाज समोरच्या घरांतून मला परत ऐकू यायचा. सुरुवातीला तो त्रास वाटायचा, नंतर त्याची चटक लागली. विश्रांतीत तो आवाज थांबायचा आणि तिकडून साड्यांची जाहिरात यायची. त्यावरून मला पडद्याकडे न पाहताही कळायचं, की आता आपण घराघरांत आहोत की नाही.

काही आठवड्यांनी नवलाई ओसरली. लोक सिनेमा संपला की टीव्ही बंद करू लागले. खिडक्यांमधून येणारा माझा आवाज विरळ झाला. मला ते झोंबलं. हेही मी कधी कबूल केलं नाही.

त्या सुमारास आम्ही शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. वस्तीतल्या निम्म्या मुली त्यांच्याकडे शिवण शिकलेल्या. बाई चाळिशीच्या आतबाहेर, बोलायला फटकळ. त्या आणि त्यांची आठवीतली मुलगी एका घरात भाड्याने राहत. यजमान भिलाईला कारखान्यात, सुट्टी मिळत नाही, असं सगळ्यांना माहीत होतं. मुलगी त्या रात्री घरमालकांच्या बैठकीत टीव्हीसमोर बसली होती. आई दिसणार म्हणून तिने आजूबाजूच्या बायकांनाही गोळा केलं होतं.

बाई पहिल्या वाक्यापासून रंगल्या. "झंपर बिघडवून आणतात अन् माप चुकलं म्हणतात. माप कायले चुकते? बाईच वाढते ना!" गल्ली हसली. कितीतरी दिवसांनी सगळ्या खिडक्यांतून माझा आवाज परत येत होता. त्या भरात मी विचारलं, "आणि यजमानांचे शर्टही तुम्हीच शिवता का? भिलाईला पाठवता?"

त्यांनी पदर सारखा केला. "शिवते ना," म्हणाल्या, आणि हसल्या. मित्राने हात वर केला, खटका फिरवला आणि चहा सांगायला जिना उतरून गेला. मित्राच्या टेबलावरच्या टीव्हीची मागची बाजू आमच्याकडे होती, आम्हाला त्यावरचं काही दिसत नव्हतं.

माझं बोट कूलरच्या बटणाकडे गेलं. तेवढ्यात बाई खाली वाकून, हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ते पुन्हा नका विचारू मले."

आणि समोरच्या घरातून आलं, "...नका विचारू मले."

त्या खालच्या मानेने बोलत होत्या, कानात स्वतःचाच श्वास होता, त्यांना ते ऐकू आलं नाही. मला आलं. खटका नीट बसला नव्हता. आपण चालू होतो. मला दोन गोष्टी करता येत होत्या. ओठांवर बोट ठेवता येत होतं. नाही तर बटण दाबता येत होतं, कूलरची घरघर सुरू झाली असती आणि पुढचं कोणाला कळलंच नसतं. बोट बटणावर होतं. मी ते उचलून मांडीवर ठेवलं.

"काहून?" मी विचारलं. मी एरवी असा बोलत नाही. त्यांच्यासारखं बोललो, त्यांना मोकळं वाटावं म्हणून.

"भिलाईत नाहीत ते. रायपूरले दुसरं घर केलं त्यांनी. पोरगं आहे तिकडं."

गल्लीत कुठून हूं की चूं नव्हतं. हसू नाही, खोकला नाही. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी तोवर ऐकली नव्हती, आणि ती माझ्यामुळे गप्प होती. खरं ते असं, की मला त्या शांततेचा आनंद झाला. मी पुढचा प्रश्न विचारला.

"मुलीला माहीत आहे?"

"तिले कायले सांगू? तिले वाटते बाप तिच्यासाठी राबून राहिला. मी शिवलेले फ्रॉक बापानं पाठवले म्हणून देते तिले. मी मरेन, पण सांगणार नाही."

त्या शेवटच्या शब्दाला त्यांनी मान वर केली. समोरच्या घरातून, डावीकडून, खालून, गच्चीवरून, त्यांचाच आवाज त्यांच्याकडे आला. "सांगणार नाही." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग माइककडे. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. गरम तव्यावर हात पडला तर कळ यायच्या आधी माणूस जसा हाताकडे पाहतो, तसं त्या पाहत होत्या.

खालून एक बाई ओरडली, "बंद करा गा ते! चालू आहे! पोरगी इथं बसली आहे!"

मित्र चहाचे ग्लास हातात घेऊन धावत वर आला, खटक्यावर बुक्की मारली, आणि सगळ्या गल्लीत साड्यांची जाहिरात सुरू झाली. जाहिरातीतली ती बाई काय गोड गळ्याने लुगड्यांची नावं घ्यायची! मला ती अजून पाठ आहे. बाई उठल्या, पायात चपला न घालता जिना उतरल्या. चपला आमच्याच खोलीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कन्हानहून बाईंचा भाऊ आला. त्याने मित्राला भर चौकात कॉलरला धरलं. "धंदा करून राहिला का तू माझ्या बहिणीचा?" म्हणून कानाखाली मारली. मित्राने हात वर केला नाही. "चूक माझी आहे भाऊ. खटका माझ्याच्यानं लागला नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी पानठेल्याजवळ उभा होतो. लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत होते. बिचारा, याला तरी काय माहीत! मी ती कीव घेतली.

वस्तीने मित्राची वायर घराघरांतून उपटून टाकली. लग्नाची कामं देणारेही त्याला टाळू लागले. बाई त्याच आठवड्यात मुलीला घेऊन भावाकडे गेल्या. मुलगी रिक्षात बसताना मी खिडकीच्या आड होतो. तिने घातलेला फ्रॉक नवा होता.

मित्राने मला एकदाच विचारलं, पुष्कळ दिवसांनी, अगदी सहज. "त्या दिवशी तू कूलर लावला नव्हता काय रे?"

"विसरलो बहुतेक," मी म्हणालो.

तो मग म्हणाला, "गरमी होती ना पण." आणि दुसरं बोलणं काढलं. आजही आम्ही रविवारी चहाला भेटतो. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला कळलं होतं की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

मागच्या हिवाळ्यात सदरला एका कापडाच्या दुकानात गेलो होतो. गल्ल्यावरची बाई मान खाली घालून बिल करत होती. मी "शर्टपीस दाखवा" म्हणालो आणि तिने झटकन वर पाहिलं. चेहरा मला ओळखू आला नसता. तिने आवाज ओळखला.

"तुम्ही सक्करदऱ्याचे ना? टीव्हीवर बोलत होते?"

मी मान हलवली. तिचे केस कानाशी पिकू लागले होते. मी आईची चौकशी केली. आहे म्हणाली, कन्हानलाच असते, डोळ्यांनी कमी दिसतं, तरी मशीन सोडत नाही.

"आई अजून त्या वायरवाल्या काकाले शिव्या देते," ती म्हणाली. "तुमचं मात्र नेहमी म्हणते, तो पोरगा बिचारा फसला माझ्यासंगं."

मी "हो का" म्हणालो. शर्टपीस घेतला, नको असताना घेतला, आणि बाहेर आलो. 

मित्राला घेऊन कन्हानला जाणं, आणि त्या बाईंसमोर, त्यांच्या लेकीसमोर, आपण चालू आहोत हे मला कळलं होतं आणि तरी मी विचारत राहिलो, हे माझ्या तोंडाने सांगणं, एवढं त्या तिघांचं देणं माझ्यावर आहे. ते मी अजून दिलेलं नाही.