करडीचं तेल आणि दादांच्या गोळ्या

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयाच्या त्रासामुळे नांदेडला आठ दिवस दवाखान्यात ठेवलं, तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. मी हिंगोलीत शाळेत शिकवते. दर शनिवारी दुपारी जीप धरून गोरेगावजवळच्या आमच्या गावी पळायची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि तेल कमी करायला सांगितलं होतं. आई म्हणाली, "कमी बी करू आन् बदलू बी. माझ्या माहेरी समदे करडीच्या तेलावरच वाढले."

पण करडई आता पेरतं कोण? काट्यांमुळे ती काढायला माणूस मिळत नाही. शिवारभर सोयाबीन आणि हरभरा. हिंगोलीत एका दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "पोपट पाळला का मॅडम? आता हे दाणे पोपटासाठीच नेतात लोक." दोन शनिवार भटकल्यावर गोरेगावच्या बाजारात एका बाईकडे पांढरे, टणक दाणे मिळाले. घाण्यावरून तेल काढून आणलं. पेंड गाईला घातली. आईनं भाकरीवर ठेचा आणि वर चमचाभर कच्चं तेल दिलं. दादा खूश. मलाही वाटलं, चला, एक काम तरी झालं.

महिनाभरानं रिपोर्ट शोधताना त्यांच्या पत्र्याच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. न फोडलेली.

"काहून घेतल्या न्हाईत, दादा?"

"तेल चालू हाय की. करडीनं नसा साफ होतेत. मोबाईलवर सांगून राहिले समदे."

मी ओरडले. ओरडताना त्यांच्या छातीकडे नजर गेली आणि भीतीनं बाहेर पडले. अंगणात दोन फेऱ्या मारून आत आले, तर ते खाली बघत म्हणाले, "गोळी घेतली की चक्कर येते. शेताच्या धुऱ्यावर पडलो बी एकदा. तुमाला तकलीफ नको म्हनून बोललो न्हाई."

म्हणजे तेल हे नुसतं निमित्त होतं. चक्कर येऊन पडायची भीती वाटत होती, ती त्यांनी आमच्यापासून लपवली होती.

सोमवारी रजा टाकून त्यांना नांदेडला नेलं. रांगेत मी तीनदा उठले, तीनदा बसले. डॉक्टरांनी एक गोळी बदलली. तेलाबद्दल म्हणाले, "चांगलं आहे. यातली चरबी हृदयाला त्यामानानं बरी. पण तेही मोजूनच खा, आणि तेल गोळीचं काम करत नाही."

दादांनी मान हलवली. परतताना जीपमध्ये म्हणाले, "आता चक्कर आली तर सांगीन."

त्यांना चक्कर पुन्हा आली नाही. दसऱ्यानंतर त्यांनी हरभऱ्याच्या कडेनं करडईची चार तासं, म्हणजे चार ओळी, पेरली. काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. कोवळ्या पाल्याची भाजी आईनं लसूण घालून केली. गोळ्या ते घेतात. तरी गावी गेले, की चप्पल काढायच्या आधी मी पाकिटातल्या रिकाम्या खाचा मोजते. दादा चिडतात, पण पाकीट स्वतःच पुढे करतात.