घरचं स्वेटर

"हे घे. घरचंच हाय."

असं म्हणून मालकानं स्वेटर माझ्या अंगावर फेकलं. तपकिरी, कोपरावर उसवलेलं. पंपावर उभे असलेले ट्रॅक्टरवाले बघत होते, दूधवाला बघत होता. मी ते वरच्यावर झेललं आणि हसलोसुद्धा. तेवढं मला छान जमतं.

कनेरगाव नाक्याजवळच्या पेट्रोल पंपावर पहाटेची ड्युटी कायम माझी. पौषातली थंडी, वाशीमकडून येणारं वारं, आणि शेकोटीची सोय नाही. पेटवली तर थंडीबरोबर आम्हीही जाऊ. बोटांवर पेट्रोल सांडलं की बोटं आपली का शेजाऱ्याची, कळत नाही. ड्युटी आळीपाळीनं करायची असं ठरलं होतं. पण मालकाचा मेव्हणा कायम दुपारचा. त्याला जाकीटही मिळालं. मी विचारलं तर मालक म्हणाला, "तू तं घरचा मानूस. घरच्यानं काहून कुरकुर करावं?"

घरचा! मी फुगलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग चहा बाहेर काहून देतेत?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणालो. कळत मला नव्हतं.

तर स्वेटर घातलं. केबिनमधून टायगर आला. मालकाचा कुत्रा. त्याची जागा आत, हिटरपाशी. त्यानं मला हुंगलं, शेपूट हलवली आणि माझ्या पायावर अंग टाकून डोळे मिटले. वाटलं, जनावराला तरी माया आहे.

मालकाबरोबर आलेला मेव्हणा पोट धरून हसायला लागला. "ओळखलं बरं त्यानं! त्याचंच अंथरूण हाय ते!"

दूधवाला हसला. ट्रॅक्टरवाले हसले. मालक हसला. आणि मीही हसलो.

घरी लेकीनं नाक दाबलं. "आबा, तुमच्या अंगाला कुत्र्याचा वास येऊन राहिला." ती हसत नव्हती. मग माझंही हसू आटलं.

दुसऱ्या पहाटे स्वेटर टायगरला अंथरलं. त्याचं त्याला. आणि मालकाच्या खुर्चीत, हिटरपुढं, पाय लांब करून बसलो. बाहेर गाड्या लागल्या. हॉर्न सुरू झाले. पंपामागंच घर, मालक नुसत्या बनियनवर धावत आला.

"अबे, बाहेर लाइन लागली! डोकं फिरलं का तुझं?"

"घरचा हाय ना मी, मालक? घरचा मानूस आत शेकत बसतो. बाहेर नोकर उभा राहतो. मी कोन, ते तुमीच ठरवा."

हॉर्न थांबेनात. शेवटी मालकानं स्वतः पाइप धरला. बोटांवर पेट्रोल सांडलं. त्यानं बोटं काखेत दाबली. मी काचेतून सगळं बघितलं. टायगरनंही बघितलं. इतकी ऊब मला हिटरनंही दिली नाही.

"नोकर हायस तू! नोकर!" तो दात वाजवत आत आला.

"व्हय. नोकर तं नोकर. मंग ठरल्यापरमानं आळीपाळी. उद्या पहाटे तुमचा मेव्हणा."

मेव्हण्याची पहिली पहाट बघायला मी गरम गोधडी सोडून सायकल मारत गेलो. असा मी शहाणा. जाकीट घालूनही तो कुडकुडत होता. ओठ निळे पडलेले.

"काका, आजच्या दिवस उभं राहता का? घरचेच तुमी."

दया आली. आलेली परत पाठवली.

"न्हाई."

हिवाळा अजून बाकी आहे. त्याच्या वाटणीची एकही पहाट मी घेणार नाही. आणि यापुढं जो मला घरचा म्हणेल, त्याच्या खुर्चीत मी जाऊन बसेन.