जास्तीचं माणूस

पांढुर्ण्याच्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं देते. आधी नियम-बियम काही नव्हते. मग एका वरातीतल्या लोकांनी सांगितले चार अन् झोपले पंधरा, वर भिंतीवर तंबाखू-खर्र्याच्या पिचकाऱ्या! माझं डोकं असं सणकलं, की लगेच पाटी लावली. डिपॉझिट आधी. भिंत खराब केली तर त्यातून कापू. जास्तीचं माणूस, जास्तीचं भाडं. अन् खाली मोठ्या अक्षरांत, सूट मागू नये.

गेल्या वर्षी संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत तिगावच्या पलीकडून एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सुनेचे दिवस भरत आले होते.

"जय भीम, बाई. दवाखाना तुमच्या समोरच हाये म्हनून आलो. मागच्या खेपेले गाडी याले उशीर झाला. रस्त्यातच मोकळी झाली पोरगी. लेकरू रडलंच नाही."

तरी मी सवयीनं पाटीकडे बोट दाखवलं. म्हातारीनं ती माझ्याकडून वाचून घेतली अन् पदराची गाठ सोडून डिपॉझिट दिलं.

"जास्तीचं मानूस म्हंजे कोनतं जी?"

"सांगितल्यापेक्षा एखादं जास्त राहिलं, तर."

"हाव," ती म्हणाली.

सून जिना उतरू लागली की मी हातातलं काम टाकून खाली जाऊन उभी राहायची. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. आम्ही दोघींनी तिला धरून रस्ता ओलांडला. मी घरी येऊन भाजी चिरायला बसली. तेवढ्यात म्हातारी अनवाणी धावत आली.

"रडला बाई, रडला! कसा रडून राहिला!"

जिन्यातच आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो.

दवाखान्यातून सुटी झाल्यावर ते तिघं एक रात्र खोलीवर राहिले. दोन लेकरं वाढवली मी, पण असं पाहत बसायला कधी फुरसत नव्हती. इवलीशी नखं. जांभई देऊनच थकायचा, झोपून जायचा. बाप्पा! काल-परवापर्यंत हा कुठंच नव्हता, अन् आता खोली त्यानं भरली होती.

सकाळी मी डिपॉझिट पूर्ण परत केलं. म्हातारीनं त्यातलीच एक नोट पुढे केली. "राती एक मानूस वाढलं होतं नं."

"काहीतरीच! लेकराचं कोणी भाडं घेते का? माफ आहे."

म्हातारी भडकलीच. "माफ कायले? मागच्याले कोनी मोजलंच नाही जी. याले मोजा. मानूस हाये हा!"

आपल्याकडे नव्या लेकराच्या मुठीत पैसे ठेवतात. तिनंही ती नोट नातवाच्या मुठीत ठेवली अन् त्याला माझ्यापुढे धरलं. तो मूठ सोडेना.

"दे रे बाबा," आजी म्हणाली, "भाडं दे आपलं."

मी दोन्ही हात पुढे करून त्याचं भाडं घेतलं.