उलटा पक्षी

आई शिवणकाम करायची. तिच्या हातचं काम कोणी परत आणलेलं मला आठवत नाही. आणलंच असतं, तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

मी नववीत असताना शाळांच्या इतिहास स्पर्धेला विषय आला, ‘लोकांची मुत्सद्देगिरी’. म्हणजे दोन सरकारं फुरंगटून बसलेली असताना साध्या माणसांनी जमवलेली मैत्री. मला तर घरातच घबाड मिळालं. माझ्या जन्माआधी, युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली असताना, ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच मुलींचा व्हॉलीबॉल संघ आमच्या गावात खेळायला आला होता, आणि त्यांचा झेंडा आईने शिवला होता.

“मुत्सद्देगिरी? मी? अगं, शेजारणीशी माझं धड दोन दिवस पटत नाही!” आई म्हणाली. पण सांगितलं तिने सगळं. पट्टे जोडताना कापड फिरलं आणि मधला पक्षी उलटा शिवला गेला. पाय वर, डोकं खाली. मैदानावर झेंडा उलगडला आणि पाहुण्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सामन्याला अर्धा तास राहिलेला. आई झेंडा घेऊन मैदानाच्या कडेला खाली बसली. तेवढ्यात त्यांची प्रशिक्षक बाई आली, आईशेजारी जमिनीवर फतकल मारून बसली, सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान पिशवीतून काढून बोटात चढवलं आणि टाके उसवायला लागली. एकीची भाषा दुसरीला कळेना. ती उसवत गेली, आई शिवत गेली. निघताना बाईने स्वतःच्या बोटातलं पितळी अंगुस्तान काढून आईच्या बोटात घातलं.

मी लिहिताना मात्र पक्षी सुलटा केला. आईची चूक चारचौघांत कशाला? शिवाय बक्षीस हवं होतं, खोटं कशाला बोलू. ‘सुंदर झेंडा पाहून बाई खूश झाल्या आणि त्यांनी भेट दिली,’ असं झोकात लिहून टाकलं.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांनी मी नेलेलं अंगुस्तान हातात घेऊन पाहिलं. “झेंडे पुष्कळ जण शिवतात. मग बाईंनी स्वतःचं अंगुस्तान तुझ्या आईलाच का दिलं?”

मी हातातले कागद चाळायला लागले. मागच्या रांगेत खुर्ची करकरली.

“कारण मी चुकले होते,” आई म्हणाली. आणि भर सभागृहात तिने सगळं सांगितलं, पाय वर डोकं खालीसकट. लोक खो खो हसले.

नंबर आला नाही. घरी येताना मी रस्ताभर रडत होते.

“बक्षिसासाठी एवढं?”

“नाही गं. तुला हसले सगळे.”

“हसू देत! माझी चूक झाकलीस, ते एक वेळ ठीक. पण तिच्याबरोबर त्या बाईचा चांगुलपणाही झाकलास की गं. युद्धात भाऊ गेला होता तिचा. तरी बसली माझ्याशेजारी.”

भावाचं तिने मला आधी सांगितलंच नव्हतं. तो मेला होता आमच्या सैन्याच्या गोळीने, आणि बाईने ते आईला भावाचा फोटो दाखवून, बंदुकीचा हातवारा करून आणि मैदानावरच्या आमच्या झेंड्याकडे बोट करून सांगितलं होतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. फार आठवण येते. माझ्या शिवणाचा सगळा आनंदीआनंद, अंगुस्तानही बोटाला सैल होतं. तरी बटण लावताना तेच घालते. मुलगी विचारते, हे कुठून आलं? मग मी उलट्या पक्ष्यापासून सुरुवात करते.