कुंकवाआडचा ठिपका

माझ्या लाडक्यांनो, तुमच्या शाळेत लघुग्रह शोधायला शिकवतात हे परवा फोनवर कळलं. "नाशिकला असं काही होतं का?" असं तुम्ही विचारलंत. होतं. फोनवर मी भरकटते, म्हणून लिहून पाठवते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पंचवटीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. परदेशातल्या दुर्बिणीने काढलेले आकाशाचे फोटो इंटरनेटवरून आमच्याकडे यायचे. सूचना इंग्रजीत, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. एकाच जागेचे तीन फोटो, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. ते आलटून पालटून पाहायचे. तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो. तिन्हींत दिसला तरच त्याची जागा मोजून कळवायची. त्यावरून तो पृथ्वीच्या किती जवळून जाणार, हे खगोलशास्त्रज्ञ ठरवत.

दसरा नुकताच झाला होता. नव्याने दिसलेल्या एका लघुग्रहाचे फोटो आले. उत्तर त्याच दिवशी हवं होतं, नाहीतर तो हातचा निसटला असता. त्यात पाच वाजता लोडशेडिंग.

फुलशेती करणाऱ्या घरातली नववीतली एक मुलगी ओरडली, "बाई, हा बघा!"

पहिल्या फोटोत ठिपका होता, तिसऱ्यातही. मधल्यात नव्हता.

"चहाला गेला असंल," तिची मैत्रीण म्हणाली.

"गप गं! हाय तो."

"दोनच फोटोंवर कळवता येत नाही," मी म्हटलं. तिचे डोळे भरून आले. पण ती उठली नाही. तिने दोन्ही ठिपक्यांच्या जागांवर पट्टी धरली. दोन्हींच्या मधली जागा नेमकी पडद्यावरच्या कुंकवावर आली.

दसऱ्याला घरचा झेंडू आणून कॉम्प्युटरची पूजा तिनेच केली होती आणि कुंकवाचं बोट थेट काचेवर लावलं होतं.

"तूच झाकलंस की त्याला! पूस आता," मैत्रीण हसत म्हणाली.

"पूजेचं पुसायचं नसतं."

मी फडकं शोधत होते. तिने माऊसने फोटोच बाजूला सरकवला. कुंकू जागेवर राहिलं, आणि त्याच्याआडून ठिपका बाहेर आला.

मोजणी पाठवली आणि थोड्याच वेळात वीज गेली. मोजणी स्वीकारल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं.

तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. त्या लघुग्रहाच्या नोंदींमध्ये तिची मोजणी अजून आहे.