चाळीस सह्यांचा अर्ज

पित्ताशयातले खडे काढायला मी कल्याणच्या एका सरकारी इस्पितळात नऊ दिवस होतो. वॉर्डात चाळीस खाटा आणि दिवसपाळीला एकच सिस्टर. ती इंजेक्शनच्या वेळा तळहातावर पेनाने लिहायची आणि चालता चालता काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, रामरक्षा म्हणते बिचारी. ते जर्मन निघालं. तिला जर्मनीत नोकरी लागलेली.

"ही गेली तर आपल्याला कोण बघणार?" म्हणत मी पुढारी झालो. टाके सांभाळत खाटेखाटेवर फिरून सह्या घेतल्या: पगार वाढवा, जोडीला माणसं द्या, पण या सिस्टरना थांबवा.

शेजारचे आजोबा अर्ज वाचून म्हणाले, "अरे, कुठल्या सिस्टरना? नाव कुठाय?"

कोणालाच माहीत नव्हतं. नऊ दिवस मी नुसता "ओ सिस्टर!" ओरडत होतो.

शेवटी तिलाच विचारलं. ती हसली. "राहू द्या काका. तिकडे म्हणे नावाने हाक मारतात."

मी डोक्यावरून चादर ओढून झोपेचं सोंग घेतलं. तिने अलगद माझा हात बाहेर काढला, पट्टा बांधून बीपी मोजलं.

"थोडं वाढलंय, काका," ती चादरीला म्हणाली.